हिरोशिमा, कासार बोळ

प्ले

उजेड पडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नुसत्या टाळ्या नव्हेत, शिट्ट्या. मागून कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं, मग त्याला चारी बाजूंनी साथ मिळाली. मी गणपतीच्या मंडपामागे पत्र्याच्या आडोशाला टेपरेकॉर्डरपुढे बसले होते. आमच्या बोळात इतकी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो निव्वळ आनंदाचा होता. सगळं जमलं होतं. इलियासभाईने सगळे हॅलोजन एकदम मारले, मग मेन स्विच खाली. डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना, त्या आंधळ्या काळोखात मी दोरी ओढली. दोरीसरशी मूर्ती बसवलेली फळी उलटली. आणि पुन्हा मंद निळा दिवा लागला तेव्हा, जिथे भर सकाळचा बाजार होता तिथे काहीच नव्हतं. बायका नाहीत, सायकलवाले नाहीत, कुत्रंसुद्धा नाही. रिकामा रस्ता.

टेपवर माझाच आवाज सांगत होता, सहा ऑगस्ट एकोणीसशे पंचेचाळीस, जपानमधलं हिरोशिमा शहर, अमेरिकेने टाकलेला अणुबाँब. पुढचं मलाही ऐकू आलं नाही.

"जमलं," इलियासभाई म्हणाला. आमच्या मंडळाची सगळी लाइट त्याच्याकडे असायची. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तो हसत होता.

"कुणी ऐकतच नाहीये," मी म्हटलं.

"अगं, टाळ्या ऐक की."

रिवाइंड

त्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, मे महिन्यात पोखरणला अणुचाचणी झाली होती आणि ऑगस्ट सरता सरता गणपती आले. कराडात आमच्या आसपासच्या जवळपास प्रत्येक मंडळाने पोखरणचा देखावा धरला. थर्माकोलचं वाळवंट, त्यातून धूर, वर तिरंगा. आमचे अध्यक्ष रंगाअण्णा तांबट. बोळाच्या तोंडाशी त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान. त्यांनीही पोखरणच ठरवलं होतं, धुराचं मशीनसुद्धा सांगून ठेवलं होतं. मग एकेक बातमी येत गेली. शेजारच्या चौकात पोखरण, पलीकडच्या पेठेत पोखरण. अण्णांना आणखी एक पोखरण नको होतं. त्यांना देखाव्यांच्या स्पर्धेत नंबर हवा होता. आमच्या मंडळाला कधीच नंबर मिळाला नव्हता आणि त्यावरून अख्खी पेठ अण्णांना चिडवायची.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मंडळात मुलींना रांगोळी आणि आरतीचं तबक एवढंच काम. पण वक्तृत्वात बक्षिसं आणली होती म्हणून टेपवरचं निवेदन माझ्याकडे असायचं.

ऑगस्टच्या सुरुवातीला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये हिरोशिमाच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. पुण्याहून कुणीतरी आणलेलं. मी गेले तेव्हा हॉलमध्ये मी आणि पंखा. मला वाटलं होतं जळलेलं शहर असेल, जखमा असतील. तसलं काही नव्हतं. सगळे फोटो बाँबच्या आधीचे होते. लग्नातले, शाळेतले, सहलीतले. लोक कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. खाली नाव आणि एक ओळ, ते माणूस त्या सकाळी कुठे निघालं होतं. बस.

मी भिंतभर वाचत गेले. एकही सोडला नाही. खाली उतरले तर चौकात मांडव उभा राहत होता आणि पन्नासेक माणसं नुसते बांबू बघत उभी होती. वर कुणी नाही, आणि इथे बांबू बघायला गर्दी. मी तिथून पळतच अण्णांच्या दुकानात गेले.

अण्णांनी विचारलं, यात हलतं काय असणार. हलत्या देखाव्याशिवाय नंबर मिळत नाही हे त्यांचं पक्कं मत. मी म्हटलं, अख्खं शहर हलेल. बाजार, सायकली, पाणी भरणाऱ्या बायका. मग उजेड. मग काहीच हलणार नाही. अण्णा बराच वेळ एकच तांब्या पुसत राहिले. मग विचारलं, कराडात हे कुणी केलंय का. नाही म्हटल्यावर त्यांनी उठून धुराच्या मशीनवाल्याला फोन लावला आणि मशीन नको म्हणून सांगितलं.

पॉज

इथे थांबायलाच हवं, कारण खरी मजा इथे झाली.

देखाव्यातली माणसं अलकामावशी कुंभार करायची. हातभर उंचीची, शाडूची. तिला जपानी माणसं करायला सांगितली. तिने उभ्या जन्मात जपानी माणूस पाहिलेला नव्हता. मी दाखवलेलं पुस्तक तिने दोनदा चाळलं आणि ठेवून दिलं. ब्लाउजपीसचे किमोनो शिवून घेतले, आणि चेहरे केले ते बोळात बसल्या बसल्या समोर जे दिसत होते त्यांचे.

पहिल्यांदा कळलं ते बबनराव न्हाव्याला. हातात कात्री घेतलेला, गुलाबी फुलाफुलांचा किमोनो घातलेला बबनराव. आम्हांला वाटलं, आता हा भांडणार. त्याने सगळीकडून निरखून पाहिलं, घरी गेला आणि बायकोला घेऊन आला. संध्याकाळपर्यंत बोळात बातमी पसरली.

मग काय विचारता. पानवाला आला, त्याला टपरीसकट यायचं होतं. सुताराच्या जुळ्या मुली आल्या. एका काकूंना दुबईतल्या मुलाला बसवायचं होतं, सणाला तरी घरी दिसेल म्हणाल्या. दोन भाऊ वेगवेगळे येऊन सांगून गेले की आम्हांला एकमेकांशेजारी उभं करू नका. ज्यांचा नंबर लागला नाही ते रुसले. अलकामावशीचा हात थांबत नव्हता आणि तोंडही थांबत नव्हतं. प्रत्येकाला सांगायची, नाक आहे तसंच करणार, तक्रार चालणार नाही.

शेवटी अण्णांची आई आली. चंपूआजी. ऐंशीच्या पुढची, ताठ. सगळ्या बोळाला अरे-तुरे करणारी. तिने स्वतःची मूर्ती हातात घेतली. डोक्यावर टोपली, अंगात पिवळा किमोनो.

"हा झगा काढ," ती म्हणाली.

अलकामावशीने समजावलं की आजी, हे जपान आहे.

"असू दे की जपान. मी काय झगा घालून बाजारला गेलीय कधी? माझं निळं इरकल नेसव. न्हायतर वळखंल कोण मला?"

मावशीने इरकल नेसवलं. मग बाकीच्यांनाही धीर आला. कुणी टोपी मागितली, कुणी धोतर. देखावा उभा राहिला तेव्हा वर पाटी तेवढी हिरोशिमाची होती. खाली कासार बोळ होता.

फास्ट फॉरवर्ड

लोक रोज यायचे. तेच लोक पुन्हा यायचे. पडदा उघडला की "तो बघ मी", "ती बघ तुझी आत्या", मग उजेड, मग टाळ्या, शिट्ट्या. आपण नाहीसे झालो म्हणून टाळ्या वाजवणारं गाव मी पहिल्यांदाच पाहत होते. ते हसून हसून एकमेकांवर पडायचे. "बबन्या उडाला," असं ओरडायचे. बबनराव स्वतः ओरडायचा.

आणि मी आडोशाला बसून डोकं लढवत होते. त्या उजेडानंतर लोकांनी गप्प व्हावं, एवढंच मला हवं होतं. एक क्षण. प्रदर्शनात मी झाले होते तसं.

निवेदन बदललं. आकडे घातले. आकड्यांना कुणी गप्प होत नाही.

रडण्याचा आवाज घातला. माझी मैत्रीण सुनंदा हिला उशीत तोंड घालून रडायला लावलं आणि टेप केलं. बोळाने पहिल्याच झटक्याला आवाज ओळखला. "सुनंदे, किती रडशील," म्हणून पोरं खिदळली. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग निवेदनच काढलं. नुसता अंधार, नुसता निळा दिवा, रिकामा रस्ता. लोकांना वाटलं, संपलं. चपला शोधायला लागले.

अण्णा मागे आले ते तेव्हाच. रागावले नव्हते. उकिडवे बसले, माझ्या टेपरेकॉर्डरवर हात ठेवला आणि दुकानात गिऱ्हाइकाला समजावतात तशा आवाजात बोलायला लागले. उद्या परीक्षक येणार आहेत. ते काय बघतील, तर लोक निघून चाललेत. तेव्हा उजेड पडला, टाळ्या पडल्या, की तिथेच पडदा.

"अण्णा, मग त्यात काय उरलं? दिवाळीच झाली की ती."

"लोक उजेड बघायला येतात, पोरी. अंधार त्यांच्या घरी हाय."

मी नुसती मान हलवत राहिले, नाही, नाही. माझे डोळे भरले असावेत, कारण अण्णा इलियासभाईकडे बघायला लागले. मग म्हणाले, बरं, आजची संध्याकाळ तुझी. आज एका जरी खेळाला ह्या गर्दीनं टाळी वाजवली नाही, तर तुझा अंधार राहू दे. नाहीतर उद्यापासून उजेड पडला की पडदा.

त्या संध्याकाळी आरती झाल्यापासून आम्ही देखावा दाखवत होतो. दर वेळी मी काहीतरी बदलत होते. दोरी हळू ओढली, दिवा उशिरा लावला, घंटा वाजवली, घंटा काढली. दर वेळी टाळ्या. इलियासभाई प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचा आणि मग स्वतःच नजर वळवायचा.

रेकॉर्ड

शेवटच्या खेळाला बोळ तुडुंब. उजेड. काळोख. दोरी. टाळ्यांची पहिली सर आली, शिट्टी आली. निळा दिवा लागला.

आणि लाउडस्पीकर खरखरला.

"लक्ष द्या. चंपावती गोविंद तांबट. वय ऐंशीच्या पुढं. निळं इरकल नेसलेल्या हायत. जिथं असतील तिथनं मंडपापाशी यावं."

टाळ्या मेन स्विच पाडल्यासारख्या बंद झाल्या.

मी टेपकडे पाहिलं. टेप बंद होता. इलियासभाईकडे पाहिलं, तो माझ्याकडे बघत होता. आवाज अण्णांचा होता. गणपतीच्या गर्दीत कुणी हरवलं की जो पुकारा होतो, त्याच सुरातला, तोच पुकारा.

मी पत्र्याच्या फटीला डोळा लावला. मंडपापुढे पहिल्या रांगेत चंपूआजीची खुर्ची ठेवलेली असायची. आरतीला ती तिथे होती. आता खुर्चीवर कुणी नव्हतं, आणि शेजारी अण्णा माइक धरून उभे होते. देखावा कुठवर आलाय, काळोख आहे की उजेड, याचं त्यांना भान नव्हतं. पण लोक अण्णांकडे बघत नव्हते. सगळे, एकूण एक, देखाव्यातल्या त्या एका जागेकडे बघत होते जिथे मघाशी निळ्या इरकलातली हातभर बाई टोपली घेऊन उभी होती.

"चंपावती गोविंद तांबट," अण्णा पुन्हा म्हणाले. मग त्यांचा सूर सुटला. "आई, कुठं हायेस तू?"

कुठेतरी एक बाई हुंदका देऊन रडायला लागली.

"अहो, हे देखाव्यातलं न्हाय. माझी आई खरंच दिसंना झालीय."

गर्दी आणखीच चिडीचूप. फटीजवळ उभा असलेला एक माणूस शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "काय काम केलंय अण्णानं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पाय जागच्या जागी रोवलेले. एवढी माणसं उभी होती, निम्मी तिला लहानपणापासून ओळखणारी, आणि तिला शोधायला एकही हलत नव्हता.

मी इलियासभाईला ओरडले, लाइट लाव. सगळे दिवे लागले. मी आडोशातला दुसरा माइक उचलला आणि सांगितलं की हे खरं आहे, चंपूआजी हरवल्यात, शोधा. पण माझा आवाज म्हणजे टेपवरचा आवाज. त्यांनी तोही देखाव्यातच धरला. एक-दोघांनी तर हात जोडले.

शेवटी बबनराव पुढे घुसला. त्याने खुर्चीच्या पाठीला हात लावला, वळला, आणि गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "आरं, खुर्ची मोकळी हाय की!"

मग बोळ फुटला. कोण कुठे पळालं ते कळेना. नदीकडे, देवळाकडे, बसस्टँडकडे. एकमेकांशी न बोलणारे ते दोघे भाऊ एका सायकलवर डबलसीट गेले. अलकामावशी अनवाणी पळाली. मी गल्लीगल्लीतून हाका मारत होते, "आजी, आजी", आणि माझ्यापुढे कुणीतरी, माझ्यामागे कुणीतरी तेच ओरडत होतं. सगळ्या पेठेत एकच नाव घुमत होतं.

चंपूआजी सापडली शेजारच्या चौकात. पोखरणच्या देखाव्यापुढे, कार्यकर्त्यांनी दिलेल्या खुर्चीवर. बशीतून चहा पीत. बबनरावने तिला रिक्षात घालून आणलं, रिक्षामागे निम्मी पेठ धावत आली, कुणीतरी ताशा सुरू केला. अण्णांनी तिला सगळ्यांदेखत झाडलं. न सांगता का गेलीस, कशाला गेलीस.

"बघायला गेले. सगळं गाव बघतंय, मी का बघू नये?"

"मग बघितलं?"

"धूर लई हाय तिकडं," ती म्हणाली. "माणूस एक बी न्हाय."

अण्णा तिच्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

प्ले

दुसऱ्या दिवशी अण्णा दुपारीच मागे आले. मी दोरी तपासत होते. अंधार राहणार का, हे विचारायचा मला धीर होत नव्हता.

"त्या फोटोतल्या लोकांची नावं ध्यानात हायत का तुझ्या?" त्यांनी विचारलं.

मी सांगितली. मिचिको. केन्जी. फुमिको. त्यांनी एकेक नाव तोंडात घोळवून पाहिलं, मी दुरुस्त केलं, पुन्हा म्हणून पाहिलं. त्या सकाळी कुठे निघाले होते तेही विचारून घेतलं. मग म्हणाले, "कापडं कुठली व्हती अंगावर?"

"फोटो ब्लॅक अँड व्हाइट होते, अण्णा. रंग कळत नाहीत."

"आईच्या लुगड्याचा रंग ठाव व्हता, म्हणून घावली ती," ते म्हणाले, आणि गेले.

संध्याकाळी बोळात मुंगीला वाट नव्हती. आदल्या दिवशीची हकिकत गावभर झाली होती. परीक्षक पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी चंपूआजी, तेच इरकल नेसून. पडदा उघडला. बाजार हलायला लागला. उजेड. काळोख. दोरी. थोड्या टाळ्या पडल्या, पण लोकांचं अर्धं लक्ष अण्णांच्या माइककडेच होतं.

"लक्ष द्या. चंपावती गोविंद तांबट. निळं इरकल नेसलेल्या. जिथं असतील तिथनं मंडपापाशी यावं."

"हितंच हाय की, मुडद्या," खुर्चीतून आवाज आला.

बोळ हसला. परीक्षकसुद्धा हसले.

"बबन महादेव काशीद. हातात कात्री. जिथं असतील तिथनं यावं."

"हाय!" बबनरावने हात वर केला. शिट्ट्या.

पानवाल्याला पुकारलं, तो "हाय" म्हणाला. जुळ्या मुलींना पुकारलं, त्या बापाच्या खांद्यांवरून एकदम किंचाळल्या. दुबईतल्या मुलाला पुकारलं, त्याच्या आईने दोन्ही हात वर करून सांगितलं, सुखरूप आहे, कालच फोन आला होता. लोकांना चेव आला. ज्यांच्या मूर्ती नव्हत्या तेसुद्धा ओरडायला लागले, आमचंही घ्या. पोरं आपल्या नावाची वाट बघत टाचा उंचावत होती. असा आनंद मी त्या बोळात त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. इलियासभाई माझा खांदा हलवत होता आणि मीही हसत होते.

अण्णांनी सूर बदलला नाही. मध्ये थांबलेही नाहीत.

"मिचिको. सहावीत हाय. शाळंला निघालेली. कपड्यांचा रंग ठाऊक न्हाय. जिथं असतील तिथनं मंडपापाशी यावं."

लोक हसतच होते. हसता हसता त्यांनी माना वळवल्या, हात कुठे वर होतोय ते बघायला. डावीकडे, उजवीकडे, मागे.

अण्णा थांबले.

"केन्जी. ट्रामचा कंडक्टर. कामावर निघालेला. जिथं असतील तिथनं यावं."

आता कुणी हसत नव्हतं. माना अजून वळत होत्या. जुळ्या मुलींपैकी एक वाकून बापाला काहीतरी विचारत होती, तोही मागे वळून बघत होता.

"फुमिको. लेकराला घेऊन दवाखान्यात निघालेली. लेकराचं नाव ठाऊक न्हाय. जिथं असतील तिथनं यावं."

अण्णांनी माइक खाली घेतला नाही. इलियासभाईचा हात स्विचवर होता, मी त्याला खुणेने थांबवलं. निळ्या उजेडात बोळभर माणसं उभी होती आणि एकमेकांकडे बघत होती.

पहिल्या रांगेत चंपूआजी खुर्चीत मागे वळली. तिने सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली.

"आरं, कुणीतरी 'हाय' म्हणा की," ती म्हणाली.